वायनरीतलं टेबल आणि दादासाहेबांचा तालुका

फेब्रुवारीत, ऐन द्राक्षाच्या हंगामात, आमच्या अभ्यासवर्गातल्या एका पोरानं व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. मागे द्राक्षबाग, समोर टेबल, टेबलावर पिझ्झा, हातात वाईनचा ग्लास. खाली लिहिलं होतं, ज्या बागेत आईनं मजुरी केली त्याच बागेत आज पोरगा जेवतोय, जय भीम. तासाभरात ग्रुपवर दोन फळ्या पडल्या. एक फळी म्हणाली, अभिनंदन भावा, हीच क्रांती. दुसरी म्हणाली, बावीस प्रतिज्ञा विसरलास, बाबासाहेबांचं नाव घेऊन दारू पितोस, आधी माफी माग. रात्रीपर्यंत दीडशेच्या वर मेसेज गेले. सकाळी पोरानं फोटो काढून टाकला आणि ग्रुप सोडला. अजून तो वर्गाला आलेला नाही. फोन केला तर उचलतो, "हो दादा, येतो" म्हणतो, आणि येत नाही.

त्या रात्री आम्ही ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. वाद आपोआप शमेल असं वाटलं होतं. ती आमची चूक होती, म्हणून हा लेख. आमच्या मते दोन्ही फळ्या चुकीच्या जागेवर भांडत होत्या.

ज्यांनी दिंडोरी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. नाशिकपासून पंचवीसेक किलोमीटरवरचं हे तालुक्याचं छोटं गाव. वणीला, सप्तशृंगी गडावर जाणारा रस्ता इथून जातो, शिवाय गावातच स्वामी समर्थांचं मोठं केंद्र आहे. त्यामुळे भाविकांची वर्दळ बारमाही. लोकसभेचा आणि विधानसभेचा, दोन्ही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. तालुका कोकणा, महादेव कोळी अशा आदिवासी समाजांचा, पण बागाईत जमिनीचं चित्र वेगळं आहे. सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली, २००१ साली राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, निफाड तालुक्यात विंचूरला वाईन पार्क झालं, पुढे फ्रान्सच्या शाँदोंनंही दिंडोरी तालुक्यात वायनरी काढली. आज 'दिंडोरी' हे नाव सुलाच्या एका महागड्या रेड वाईनच्या बाटलीवर छापलेलं असतं. मुंबई-पुण्याच्या शनिवार-रविवारच्या गर्दीला दिंडोरी म्हटल्यावर ती बाटली आठवते.

आम्हाला दुसरं आठवतं. याच तालुक्यातल्या आंबे गावात १९०२ साली दादासाहेब गायकवाड जन्मले. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे ते आघाडीचे सेनापती, आणि पुढे भूमिहीनांच्या सत्याग्रहाचेही.

या गावात खाण्याच्या जागा कशा आहेत ते एकदा डोळे उघडे ठेवून पाहा. स्टँडजवळ वडापाव, मिसळ, चहाच्या टपऱ्या. तिथं मजूर, शाळेची पोरं, कोर्टकचेरीला आलेले लोक सगळे एकाच बाकड्यावर. रस्त्याला लागलं की भाविकांसाठीच्या थाळ्या, आणि जवळजवळ प्रत्येक पाटीवर 'शुद्ध शाकाहारी'. (नुसतं शाकाहारी लिहून भागत नाही, शुद्ध लिहावंच लागतं. मग अशुद्ध कोण, हे पाटी सांगत नाही, पण वाचणाऱ्याला कळतं.) थोडं पुढे ढाबे, गावरान कोंबडी, काळ्या मसाल्याचं मटण. आणि मुख्य रस्ता सोडून बागांमधून आत गेलं की वायनरीची रेस्टॉरंट. काचेच्या भिंती, लाकडी माच्या, बागेवरून येणारा वारा, लाकडाच्या भट्टीतला पिझ्झा, चीजची ताटली, आणि प्रत्येक पदार्थापुढे कोणती वाईन घ्यावी त्याची शिफारस.

या शेवटच्या जागेबद्दल असं सांगितलं जातं की इथं जात नाही. पैसे द्या, बसा. वरवर हे खरं आहे आणि ते किरकोळ नाही. चहा पिण्यासाठी आपल्या आजोबांची वेगळी कपबशी हॉटेलाबाहेर वळचणीला ठेवलेली असे, ती त्यांनीच विसळून परत ठेवायची असे. कोल्हापुरात गंगाराम कांबळेंनी चहाचं हॉटेल काढलं तेव्हा तिथं सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. छत्रपती शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून त्यांच्या हातचा चहा प्यायले, बरोबरच्यांनाही त्यांनी पाजला. एका राजाला चहा पिऊन दाखवावा लागला, अशी ती परिस्थिती. म्हणूनच संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीची ठिकाणं यांचा नावानिशी उल्लेख आहे. विहिरी, तलाव आणि स्नानघाट त्याच कलमात, त्याच्या शेजारी आहेत. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हे कायदा आला आणि हॉटेलात प्रवेश नाकारणं हा शिक्षापात्र गुन्हा झाला.

तेव्हा पोरगा त्या टेबलावर बसला यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. ते टेबल कुणी उपकार म्हणून दिलेलं नाही. 'अभिनंदन भावा' म्हणणाऱ्या फळीचं इतपत आम्हाला मान्य आहे.

अडचण पुढे आहे. टेबलावर बसणं म्हणजेच क्रांती, हे बाबासाहेबांनी कधीच मानलं नाही. त्यांच्या काळात सहभोजनांची मोठी चलती होती. समतानंद अनंत हरी गद्रेंनी तर पुढे झुणका-भाकर सत्यनारायणच घातले. माणसं प्रामाणिक होती. तरी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी हिशेब मांडला तो असा, की एकत्र जेवल्यानं जातीची भावना मरत नाही. खरा घाव आंतरजातीय विवाहाचा आणि त्याच्याही मुळाशी शास्त्रांच्या पावित्र्यावर बसायला हवा. जेवण उरकलं की जो तो आपापल्या घरी, आपापल्या जातीत परत जातो. वायनरीतलं जेवण हे तर सहभोजनसुद्धा नव्हे. सहभोजनात निदान शेजारी कोण बसलंय हे ठाऊक असायचं आणि ठाऊक असूनही बसायचं असायचं. इथं ठाऊकच नसतं. शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाला आपल्या पोराचं आडनाव माहीत नाही, एवढ्या पायावर ती समता उभी आहे.

ते आडनाव उघड झालं की काय होतं, हे त्याच भागात वेटरचं काम करणारा आमच्या ओळखीचा एक मुलगा सांगतो. छातीवरच्या पट्टीवर फक्त पहिलं नाव असतं. पाहुणे गप्पिष्ट असले की विचारतात, "गाव कुठलं? पूर्ण नाव काय?" तो तालुक्याचं नाव सांगतो आणि पाणी आणायला वळतो. "दादा, पाणी आणायला मी दिवसातून पन्नास वेळा वळतो," असं तो हसत म्हणाला. आम्हाला हसू आलं नाही. एमएला आम्ही सांस्कृतिक भांडवल वगैरे वाचलं, पेपरात पानं भरली. या पोरानं एका वाक्यात त्याच्यापेक्षा जास्त सांगितलं.

आता मेन्यूकार्ड. आम्ही दोघं-तिघं कार्यकर्ते मुद्दाम अशा एका ठिकाणी जाऊन बसलो, लिंबूपाणी मागवलं आणि कार्ड वाचून काढलं. त्यात 'स्थानिक चव' असा एक रकाना होता. भरलं वांगं, पिठलं, मटण रस्सा, आणि 'रागी'ची कुरकुरीत चकती, सोबत कसलीशी चटणी. ही रागी म्हणजे आपली नागली. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात जी माती आहे तिच्यात येणारी, आणि ज्या नागलीच्या काळ्या भाकरीवरून आश्रमशाळेतून शहरातल्या शाळेत गेलेल्या पोरांना चिडवलं जातं, ती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि तिला बरे दिवस आले म्हणतात. नागलीला आले, नागलीवालीला आलेले दिसत नाहीत. पदार्थ वर चढतो, पण तो करणारा हात वाटेतच गाळला जातो. संस्कृतीकरणात खालची जात वरच्यांचं खाणंपिणं उचलते असं आपण शिकलो. इथं उलटं होतं, वरचे आपलं खाणं उचलतात आणि त्याचं नाव बदलतात, आणि तरी उतरंड जिथल्या तिथे.

आणि जे अन्न उचललं जात नाही त्याचं काय? रक्ती, वजडी, सुकवलेल्या चान्या. शाहू पाटोळेंचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकघराची नोंद त्यांनी पाककृतींसकट केली. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. योगायोग असा की त्याच २०१५ साली महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, बैल आणि वळूही त्यात आले. म्हणजे आपल्या ताटाची नोंद पुस्तकात व्हायला आणि ते ताट कायद्यानं रिकामं व्हायला एकच वर्ष. जगभर रेड वाईनबरोबर बीफ खाणं ही साधी गोष्ट मानतात. इथल्या वाईन संस्कृतीनं ग्लास युरोपचा घेतला, ताट मात्र इथल्या सोवळ्याचं ठेवलं. आम्हाला बीफ विकायला लावा असा आमचा आग्रह नाही. युरोपची नक्कल करतानाही इथली जात कशी नेमकी शिल्लक राहते, एवढंच दाखवायचं आहे.

मात्र खरा प्रश्न मेन्यूकार्डावर नाही, ते टेबल ज्या जमिनीवर मांडलंय त्या जमिनीचा आहे.

त्या पोराच्या घरी आम्ही गेलो होतो. तो नव्हता, आई होती. तिनं त्या भागातल्या बागांमध्ये वर्षानुवर्षं काम केलंय. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोड्या बहाराची छाटणी, जानेवारीपासून तोडणी. वाईनची द्राक्षं उन्हं चढायच्या आत तोडायची असतात, म्हणून पहाटेच पिकअपमध्ये उभं राहून जायचं. तिनं फोटो पाहिला होता. फोटोवर ती रागावली असेल, किंवा तिला अभिमान वाटला असेल, असं आम्हाला वाटलं. तिनं विचारलं ते वेगळंच. "आतमध्ये पंखे आहेत का हो भाऊ?" ती कायम मागच्या फाटकातून गेलेली. पुढची बाजू तिनं पहिल्यांदा पोराच्या फोटोत पाहिली. मग तिनं जेवणाचं बिल किती झालं ते विचारलं. आम्ही अंदाज सांगितला. तिनं मनात हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे माझा आठवडा."

त्या बागांमध्ये हंगामात पर्यटकांना टोपात उभं करून द्राक्षं तुडवायला देतात. लोक आनंदानं तुडवतात, फोटो काढतात. तुडवण्याचे पैसे द्यावे लागतात आणि तोडण्याचे मिळवावे लागतात, इतकाच काय तो फरक.

१९३४ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून काळारामचा सत्याग्रह थांबवायचा सल्ला दिला. त्यांची भूमिका अशी होती की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हा लढा सुरू केलेला नव्हता. लोकांना आपल्या अवस्थेची जाणीव व्हावी, त्यांच्यात चैतन्य यावं म्हणून तो होता. ते काम झालं, आता शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवा. त्यानंतर दीडच वर्षात, १३ ऑक्टोबर १९३५ ला, याच जिल्ह्यात येवल्याची घोषणा झाली. आणि दादासाहेब पुढे कुठे गेले? १९५९ ला आणि पुन्हा १९६४ ला ते भूमिहीनांना घेऊन जमिनीच्या प्रश्नावर तुरुंगात गेले. दार उघडण्याचा लढा लढलेला माणूस जमिनीपाशी पोचला. आपल्या तालुक्याच्या माणसानं हा रस्ता चालून दाखवलाय, आणि आपण अजून दारातच उभे राहून आत गेलेल्या पोराचं अभिनंदन करायचं की त्याला माफी मागायला लावायची यावर दीडशे मेसेज करतोय.

आदिवासींची जमीन बिगरआदिवासींकडे जाऊ नये म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ३६ आणि ३६-अ ही कलमं आहेत. गेलेली जमीन परत मिळावी म्हणून १९७४ चा कायदा आहे. बागांच्या या पट्ट्यात कोणती जमीन मुळात कुणाची होती, ती कशी हस्तांतरित झाली, भाडेपट्टे कसे झाले, याचे सातबारे आणि जुने फेरफार काढून बसायला आपल्यातल्या किती जणांना वेळ आहे? त्याचा फोटो स्टेटसला चांगला दिसत नाही, हे आम्ही मान्य करतो. वेटर, भांडी घासणारे, सफाईवाले हे किती ठिकाणी ठेकेदारामार्फत आहेत, किमान वेतन मिळतं का, भविष्य निर्वाह निधी कापला तर जातो, पण भरला जातो का, हे विचारायलाही कुणी जात नाही. आम्हीही आतापर्यंत गेलो नव्हतो.

आता दारूचं. हा मुद्दा आम्ही टाळतोय असं दुसऱ्या फळीला वाटत असेल.

आम्ही पीत नाही. पंचशीलातलं पाचवं शील आणि बावीस प्रतिज्ञांमधली मद्याची प्रतिज्ञा आम्हाला बंधनकारक वाटते, आणि तिचं कारण पोथीत नाही, वस्तीत आहे. देशीच्या दुकानापायी मोडलेली घरं आम्ही रोज बघतो. 'वाईन म्हणजे दारू नव्हे' हे २०२२ च्या जानेवारीत, मंत्रिमंडळानं सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय घेतला तेव्हा, नेत्यांच्या तोंडून ऐकलं. आमच्या लेखी ती दारूच आहे. पण मग हेही बघा की द्राक्षाच्या दारूला अबकारी करात सूट, विक्रीकराचा परतावा, पार्क, पर्यटन, महोत्सव. मोहाची हातभट्टी लावणाऱ्या बाईला मुंबई दारूबंदी कायदा १९४९ आणि पोलिसाची काठी. हातभट्टीची आम्ही बाजू घेत नाही, तीही बंदच व्हावी. पण नशा तीच असताना एकीला उद्योग म्हणायचं आणि दुसरीला गुन्हा म्हणायचं, हे ठरवणारी फूटपट्टी कुणाची? त्या पोराला माफी मागायला लावणाऱ्या फळीतल्या एकानंही हा प्रश्न सरकारला विचारलेला आम्हाला आठवत नाही. एकवीस वर्षांच्या पोराला विचारणं सोपं होतं.

प्रतिज्ञा ही स्वतःवर घेतलेली जबाबदारी आहे. ती मोडली तर त्याच्याशी बोलायचं असतं, बाजूला घेऊन, मोठ्या भावानं बोलावं तसं. चारचौघांत बहिष्कार घालायची रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे, कारण ती आपल्यावर हजारो वर्षं वापरली गेली. तीच आपण आपल्या ग्रुपवर चालवायची? आणि कलम १५(२) मध्ये ग्लासात काय आहे हे लिहिलेलं नाही. लिंबूपाणी पिणाऱ्याचाही त्या टेबलावर तेवढाच हक्क आहे.

एक सूचना मांडतो, त्यावर वाद घाला. या तालुक्यात दर शनिवारी-रविवारी हजारो माणसं खायला येतात, भाविक वेगळेच. त्यांना खाऊ घालण्याच्या धंद्यात मालक म्हणून आपण कुठे आहोत? महात्मा फुले महामंडळ आहे, शबरी महामंडळ आहे, २०१६ साली स्टँड-अप इंडिया आली. कागदपत्रांचा छळ आहे, बँकवाले फिरवतात, हे अनुभवानं माहीत आहे. तरी आपल्यातल्या पंचवीस पोरांपैकी एकानंही खानावळीसाठी अर्ज केलेला नाही. स्पर्धा परीक्षेशिवाय दुसरा रस्ताच नाही असं आपणच त्यांच्या डोक्यात भरवलं, त्यात आम्हीही आलो. धंदा काढला तरी आपल्या ताटाचं नाव लपवून काढू नये, एवढीच आमची अट. गंगाराम कांबळेंनी नाव लपवलं नव्हतं.

सुरुवात म्हणून या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या वाटेवर अभ्यासवर्गाची खानावळ लावायचं ठरलं आहे. नागलीची भाकरी, सुकट, वजडी, उडदाचं भुजं, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी कुरडूची वाळवलेली भाजी. भाकऱ्या त्या पोराची आई आणि वस्तीतल्या आणखी चार बाया थापणार आहेत, मजुरी ठरवून. बागेतल्या रोजापेक्षा पन्नास रुपये जास्त असावी असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते आम्ही मान्य केलंय. पाटीवर काय लिहायचं यावर मात्र वाद सुरू आहे. काही जण म्हणतात 'वजडी' लिहिलं तर लोक पुढे निघून जातील, 'स्पेशल मटण' लिहू. आम्ही 'वजडी'वर अडून आहोत. परवा त्या पोराचा फोन आला, दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं स्वतःहून केलेला. आईनं सांगितलं म्हणाला, पाटी मी रंगवतो, पण शब्द लवकर ठरवा, रंग वाळायला एक दिवस लागतो.